तौर सरांचा अंब्रेज

परतूरच्या शाळेत मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून रुजू झाले ते १९८१ साली. पहिल्याच दिवशी शिक्षकखोलीत एक चूक केली. खिडकीजवळची खुर्ची रिकामी दिसली, म्हणून हातातली छत्री तिच्या पाठीला टेकवली आणि बसले. खोलीतली कुजबुज एकदम थांबली. माझ्यासमोर बसलेल्या दोघा शिक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. मला काहीच कळेना.

तेवढ्यात दारातून एक उंच, सावळे, पन्नाशीला टेकलेले गृहस्थ आत आले. पांढरं धोतर, वर बंद गळ्याचा कोट आणि सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून धोतराला लावलेला कपडे वाळत घालायचा चिमटा. तो काढायचं ते विसरले होते. खुर्चीसमोर उभे राहिले, माझ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "आय टेक नो अंब्रेज, मॅडम."

मला 'अंब्रेला' ऐकू आलं. मी घाईघाईने उठून छत्री उचलली. "सॉरी सर, मी ठेवते दुसरीकडे."

ते इतके हसले की चिमटा निसटून खाली पडला. "बाई," ते म्हणाले, "चुकलात तुम्ही, पन सख्ख्या भावाच्या घरी शिरलात! छत्री आन् अंब्रेज, दोघं एकाच मायचे लेकरं हायेत. बसा, बसा. खुर्ची तुमची झाली आता."

ते निवृत्तीराव तौर. इंग्रजीचे शिक्षक. त्या दिवसापासून ते नऊ वर्षांनी निवृत्त होईपर्यंत ते भिंतीजवळच्या बाकावर बसले. मी कितीदा तरी म्हटलं, सर, घ्या तुमची खुर्ची. ऐकलं नाही.

दुधना नदीच्या काठावरच्या एका खेड्यातलं त्यांचं शेतकऱ्याचं घर. शाळा झाली ती निजामाच्या काळातली, उर्दूतून. त्यामुळे इंग्रजी शब्द आधी उर्दूत जायचा आणि मग मराठीत यायचा. हैदराबादेत रस्त्याकडेच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून त्यांनी शब्दांच्या मूळ-कुळाचा एक जाडजूड इंग्रजी कोश घेतला होता. त्याचं पुठ्ठ्याचं कव्हर गेलेलं, म्हणून त्याला त्यांनी बियाण्याच्या पिशवीचं कापड शिवलं होतं. कोणी नवीन माणूस भेटला की खेड्यातला माणूस पहिल्यांदा विचारतो, "गाव कोन्तं?" सर हाच प्रश्न शब्दालाही विचारत. "ह्याचं गाव कोन्तं ते पाहू," म्हणत आणि पिशवीतून कोश निघे.

अंब्रेजचं गाव त्यांनी मला मधल्या सुट्टीत, भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता सांगितलं. लॅटिनमध्ये अंब्रा म्हणजे सावली. "साया," ते म्हणाले. अंब्रेला म्हणजे छोटी सावली. अंब्रेज म्हणजे पहिल्यांदा झाडाची दाट सावली, जिच्याखाली माणूस बसतो. मग तीच सावली माणसाच्या मनावर पडायला लागली. कोणाचा संशय आला, की अंब्रेज. पुढे त्या संशयातून जो राग येतो, वाईट वाटून घेतो आपण, तोही अंब्रेज. "साया, शक, नाराजी," त्यांनी तीन शेंगा ओळीने मांडल्या. "तीनशे वर्षं लागले बाई एका शब्दाला इथून तिथपर्यंत यायला. मान्साला एक दुपार पुरती."

"मग मराठीत काय म्हणायचं सर? राग? रुसवा?"

"राग न्हाई. राग उघडा असतो. रुसवा बी न्हाई, रुसलेला मानूस समजूत काढायची वाट पाहतो." त्यांनी शेंगदाणे तळहातावर चोळून फुंकर मारली. "फ्रेंच लोक हा शब्द घोड्याला लावत होते. सावलीला बुजनारा घोडा. माझ्या बापाकडं तसाच एक बैल होता. दिसायला असा देखना! पन पुलावर स्वतःची सावली दिसली की जू मोडून पळायचा. बाप त्याला मारत न्हव्हता. उतरायचा, म्होरं जायचा, सावलीवर पाय देऊन उभा राहायचा आन् म्हनायचा, बघ, काई न्हाई. मंग बैल यायचा. तर अंब्रेज म्हंजे बुजनं. मानसाचं बुजनं."

मुलांना ते असंच शिकवत. त्यामुळे परतूरच्या आसपासच्या खेड्यांतली पोरं, ज्यांना धड अर्ज लिहिता येत नव्हता, ती एकमेकांना सर्रास विचारत, "काय रे, अंब्रेज घेतला का?" सरांचं टोपणनावही तेच पडलं. त्यांना ते ठाऊक होतं. फळ्यावर कोणी लिहून ठेवलं तर स्पेलिंग तपासून बघत.

हा शब्द त्यांना एकदा महागात पडला. शाळेची तपासणी होती. तपासणीला आलेले साहेब तरुण होते, आखूड मिशा, हातात फाईल. सर दहावीच्या वर्गावर होते आणि फळ्याच्या कोपऱ्यात त्या दिवसाचा शब्द लिहिलेला होता. साहेब म्हणाले, "हे असलं जुनाट इंग्रजी कशाला शिकवता? आता कोण वापरतं? साधं अँग्री म्हणा की."

सर नम्रपणे म्हणाले, "साहेब, अँग्री म्हंजे मारका बैल. हा बुजरा बैल हाये. फरक पडतो."

वर्ग हसला. सरांनी विनोद केला नव्हता, ते खरोखर फरक सांगत होते. पण साहेबांना वाटलं, दोन्हीपैकी कुठलातरी बैल आपल्याला म्हटलं. अहवालात शेरा आला: शिक्षकाची वर्तणूक उद्धट. तौर सरांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पहा, उदाहरन बराबर लागू पडलं."

तेव्हा आम्ही सगळे हसलो. पण पुढच्याच वर्षी मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि तो शेरा संस्थेच्या सचिवांनी कपाटातून बाहेर काढला.

आता मला बोराडे सरांबद्दल सांगायला हवं. गंगाधर बोराडे गणित शिकवत. तौर सरांहून पाचेक वर्षांनी लहान, बुटके, हळू बोलणारे. दोघे परतूरला नोकरीला लागले तेव्हा एकाच खोलीत राहत. पुढे बोराड्यांचं लग्न झालं, त्यांनी स्टेशनच्या बाजूला घर केलं, पण तौर सर आठवड्यातले दोन-तीन दिवस त्यांच्याकडेच जेवत. त्यांचं स्वतःचं घर खेड्यात होतं, रोजची सायकल. शाळेत डबा मात्र दोघांचा एक. सरांच्या घरची ज्वारीची भाकरी आणि बोराडे वहिनींच्या हातची कारळाची चटणी. तौर सर बोराड्यांचे अर्ज लिहून देत, बोराडे तौर सरांच्या निकालपत्रकांच्या बेरजा करून देत. सर त्यांना "गंगाधर" म्हणत, बोराडे त्यांना "सर" म्हणत. दोघांमध्ये वेगळं असं काही बोलणं नसे. नुसते शेजारी बसलेले असत.

मुख्याध्यापक तौर सर होणार हे शाळेतला शिपाईसुद्धा धरून चालला होता. सगळ्यांत जुने तेच होते. आदेश आला तो बोराडे सरांच्या नावाने. आणि त्याच दिवशी कोणीतरी सरांच्या कानावर घातलं, की आठ दिवसांपूर्वी बोराड्यांची सायकल सचिवांच्या फाटकापाशी तासभर उभी होती.

सरांनी भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा उघडला, भाकरी घेतली आणि पाठ वळवून एकट्याने खाल्ली. बोराडे सर चटणीची डबी हातात घेऊन थोडा वेळ उभे राहिले. मग मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. त्यानंतर पाच वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

शाळा एक, कामं रोजची. मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. तौर सर टाकाने, वळणदार अक्षरात, जुन्या सरकारी इंग्रजीत चिठ्ठी लिहीत. 'आदरणीय महोदय, आपल्या कालच्या तोंडी सूचनेस अनुसरून निवेदन करण्यात येते की...' निवेदन काय, तर दहावी ब च्या वर्गात खडू नाही. बोराड्यांचं इंग्रजी बेताचं. ते मला बोलावून विचारत, "बाई, हा शब्द काय हाये जरा बघा." मी अर्थ सांगे. ते मागच्या बाजूला मराठीत दोन शब्द लिहीत: ठीक आहे. किंवा: पाठवतो. चिठ्ठीतला कडक शब्द मी कधी कधी मऊ करून सांगत असे. त्यांच्या ते लक्षात येई. "बाई, पूर्ण सांगा," म्हणत. "मला बिलकुल वाईट वाटत न्हाई."

एकदा न राहवून मी तौर सरांना म्हटलं, "सर, हाच का तो अंब्रेज?"

ते वर्गावर जायला खडू निवडत होते. माझ्याकडे बघितलं नाही. खडू डबीत ठेवला, डबी कोटाच्या खिशात टाकली आणि वर्गावर निघून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर मूठभर शेंगा ठेवल्या आणि दुसऱ्याच एका शब्दाचं गाव सांगायला लागले. मी तो विषय पुन्हा काढला नाही. मला त्यांची कीव आली होती आणि रागही. शेकडो पोरांना जो शब्द उलगडून सांगितला, तोच स्वतःवर आला तेव्हा त्यांना ओळखता येत नव्हता. की ओळखूनही सोडवत नव्हता?

१९८९ सालातला एक शनिवार. सकाळची शाळा होती, दुपारी सुटली. मी जालन्याला बहिणीकडे निघाले होते, म्हणून स्टेशनवर गेले. तौर सरही तिथे होते. त्यांचं इंग्रजी वर्तमानपत्र गाडीने एक दिवस शिळं होऊन यायचं, आणि ते घ्यायला शाळा सुटल्यावर ते स्वतः येत. आम्ही बोलत उभे होतो. फलाटाच्या टोकाला, शेवटच्या बाकड्यावर एक बाई बसलेली होती. अनवाणी. केस मोकळे, कुंकू कपाळभर फिस्कटलेलं. मांडीवर गाठोडं, आणि त्या गाठोड्यातून वरणाचं पातेलं अर्धं बाहेर आलेलं.

सरांनी डोळे बारीक केले. "ही तर वहिनी," ते म्हणाले, आणि लांब ढांगा टाकत तिकडे निघाले. मी मागून गेले.

बोराडे वहिनींना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या कोणाकडे येत-जात नसत. सर समोर उभे राहिले तशी त्यांनी मान वर केली. बराच वेळ बघितलं. मग ओळखीचं हसू आलं, तोंडाच्या एकाच बाजूने.

"भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवायला येत न्हाईत आता. मीठ जास्त पडलं का माझ्या हातून?"

सरांचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. ते बाकड्यावर बसले.

"न्हाई वहिनी," ते म्हणाले. "मीठ बराबर होतं."

"मंग? मी यांना रोज इचारते. भाऊजी का येत न्हाईत. हे सांगत न्हाईत. मला वाटलं मीठ. मी आता कमी टाकते. बिलकुल टाकतच न्हाई." गाठोडं त्यांनी छातीशी धरलं. "सेलूला चालले मी. मायकडं. तिला इचारते किती मीठ टाकायचं ते."

त्यांची आई जाऊन किती वर्षं झाली होती ते सरांना माहीत होतं. ते मला नंतर कळलं. तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सेलूची गाडी आज उशिरा हाये वहिनी. तोपर्यंत घरी चला. मला भूक लागली."

माझी गाडी आली आणि गेली. आम्ही टांगा केला. वाटेभर वहिनी पातेल्याच्या कडेवर बोटाने काहीतरी मोजत होत्या. घराशी पोचलो तर मागचं दार सताड उघडं होतं आणि पुढच्या दाराला बाहेरून कुलूप. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बोराडे सर दिसले. धावत होते. एका पायात चप्पल नव्हती. आम्हाला पाहून जागीच थांबले. आधी बायकोकडे पाहिलं, मग तौर सरांकडे. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, पण ती उलटीच कुलपात घालत राहिले. तौर सरांनी किल्ली त्यांच्या हातातून घेतली आणि दार उघडलं.

आत गेल्यावर घरच सगळं सांगत होतं. स्वयंपाकघरात विळी नव्हती, सुरी नव्हती. परसातल्या आडावर पत्रा टाकून वर दगड ठेवले होते. खिडकीत फणी, तेलाची बाटली आणि औषधांच्या पट्ट्या. बोराडे सरांनी वहिनींना पलंगावर बसवलं, ओल्या फडक्याने कपाळ पुसलं, पाय पुसले, फणी घेतली आणि आमच्यासमोरच त्यांचे केस विंचरायला लागले. किती सराईत हात होता तो!

मग वेणीच्या टोकाशी रिबीन बांधता बांधता, वर न बघता, ते म्हणाले, "संस्थेच्या नव्या शाखेवर टाकनार होते मला. मंठ्याच्या पलीकडं, आडरानात. तिथं दवाखाना न्हाई, डॉक्टर न्हाई. तिथं हिला घेऊन कुठं राहू? मुख्याध्यापकाची बदली करत न्हाईत. म्हणून गेल्तो सचिवाकडं. हात जोडून मागून घेतलं मी. तुमचं होतं ते, सर. मला माहीत होतं तुमचं हाये म्हणून."

"मला सांगायचं होतं, गंगाधर."

"काय सांगू? बायकोचं डोकं ठिकाणावर न्हाई म्हणून? गावाला सांगू?" आता त्यांनी वर पाहिलं. "आन् तुम्ही कवा इचारलं?"

बाहेर टांगेवाला पैशासाठी हाका मारत होता, मी जाऊन देऊन आले. परत आले तर तौर सर स्वयंपाकघरात स्टोव्हसमोर उकिडवे बसले होते, कोट घालूनच.

"काडीपेटी कुठं ठेवतोस?"

बोराडे सरांनी दाराच्या चौकटीवर, अगदी उंचावर हात घातला आणि काडीपेटी काढून दिली. सरांनी चार कप चहा केला. साखर विसरले. वहिनींनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "भाऊजीला येत न्हाई चहा." आणि बोराडे सर हसले. पाच वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसताच त्यांनी तोंड फिरवलं.

परतताना सर माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत आले, त्यांची सायकल तिथेच राहिली होती. संध्याकाळची गाडी यायची होती. त्यांनी सायकलचं कुलूप काढलं. मग म्हणाले, "सावली खोटी न्हव्हती बाई. खरीच होती. त्यानं मागून घेतलं, कबूल. पन बाप उतरून म्होरं जाऊन बघायचा. मी बघायला गेलोच न्हाई. बैल पुलापर्यंतच पळत होता. मी पाच वर्षं पळून राह्यलो."

मला सांगायचं होतं की तुमचंही चुकलं नाही, तुमचं हक्काचं गेलं होतं. पण त्यांना ते नको होतं. त्यांनी चिमटा धोतराला लावला आणि सायकलवर टांग टाकली.

सोमवारी चिठ्ठी आली नाही. मधल्या सुट्टीत तौर सर भाकरीचा डबा घेऊन सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरले आणि दार लोटून घेतलं. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोप समारंभात बोराडे सर बोलायला उठले, दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. सरांनी भाषणच केलं नाही. मुलांना नमस्कार केला. पद गेलं ते गेलंच, निवृत्तिवेतनाच्या कागदावर ते सहशिक्षक म्हणूनच राहिले. त्याबद्दल त्यांना कधी खंत वाटली का, ते मी विचारलं नाही.

मी नंतर जालन्याला बदलून आले. मधल्या काळात बोराडे सर गेल्याची बातमी कळली. त्यांना मूलबाळ नव्हतं. एक विधवा बहीण होती, ती वहिनींजवळ राहायला आली असं ऐकलं. भेटायला जायचं ठरवत राहिले आणि राहून गेलं.

तौर सर मला शेवटचे दिसले ते जालन्याच्या बसस्थानकावर, २००१ च्या सुमाराला. उन्हं कलत होती. परतूरची गाडी लागलेली होती, कंडक्टर घंटी वाजवत होता. गाडीच्या दारापाशी एक म्हातारी फतकल मारून खाली बसली होती आणि चढायला तयार नव्हती. शेजारी उभा होता तो उंच म्हातारा वाकला होता. कोट सैल झाला होता. हातात औषधांची पिशवी.

"वहिनी, चला. जागा धरली हाये."

"तू चोर हायेस!" त्या ओरडल्या. "माझं पातेलं तू नेलंस! नेलंस का न्हाई?" आणि त्यांनी सरांच्या हातावर जोराने चापट मारली. बघे जमले. कोणीतरी हसलं.

"बराबर हाये वहिनी," सर म्हणाले. "मीच नेलं."

मी पुढे झाले. त्यांनी मला ओळखलं, डोळ्यांनी खूण केली की थांबा, आणि सांगितलं ते एवढंच, की दर महिन्याला डॉक्टरकडं आणावं लागतं, एरवी शांत असतात. कंडक्टर वैतागून म्हणाला, "बाबा, येता का न्हाई? मी चाललो."

"जा तू," सर म्हणाले. "दुसरी येईल."

गाडी सुटली. धुळीत त्यांनी खिशातला रुमाल काढला, जमिनीवर पसरला, आणि सत्तरीतला तो माणूस गुडघ्यावर हात देत सावकाश वहिनींच्या शेजारी मांडी घालून बसला. त्या बोलतच होत्या. ते ऐकत होते, मध्येच मान हलवत होते.